कोटाच्या आतले अहमदाबाद: महापालिकेचा हेरिटेज वॉक आणि त्याभोवतीचा दीड दिवस

अहमदाबाद महानगरपालिकेचा हेरिटेज वॉक काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून सकाळी आठला निघतो आणि साधारण अडीच तासांनी जामा मशिदीपाशी संपतो. तो सुरू झाला नोव्हेंबर १९९७ मध्ये. पुढे जवळजवळ वीस वर्षांनी, जुलै २०१७ मध्ये, युनेस्कोने या शहराला जागतिक वारसा शहराचा दर्जा दिला. असा दर्जा मिळवणारे भारतातले हे पहिले शहर, जयपूरचा नंबर त्यानंतर दोन वर्षांनी लागला. शनिवार-रविवार साधून जुने अहमदाबाद पाहायचे असेल, तर सगळा बेत या वॉकभोवती बांधावा आणि कोटाबाहेरचे जे जे प्रसिद्ध आहे ते निर्धाराने वगळावे, असे माझे मत आहे. साबरमती आश्रम, अडालजची विहीर, नदीकाठचा नवा पूल आणि जमल्यास केवडियाचा सरदार पटेलांचा पुतळा अशी यादी हातात घेऊन आलेल्या माणसाला जुने शहर रिक्षातून दिसते, म्हणजे दिसत नाही.

मात्र कोट पाहायला म्हणून कोणी जाणार असेल, तर त्याची निराशा होईल. अहमदशहाने १४११ मध्ये शहर वसवले आणि महमूद बेगडाच्या काळात, पंधराव्या शतकाच्या अखेरीस, त्याभोवती सुमारे दहा किलोमीटर घेराची आणि बारा दरवाजांची तटबंदी उभी राहिली. इंग्रज अंमल आल्यावर १८३० च्या दशकात तिची डागडुजी झाली, ती तूप आणि तत्सम मालावर कर बसवून. त्या पैशाचा हिशेब ठेवण्यासाठी जी समिती नेमली गेली, तिच्यातूनच पुढे शहराची नगरपालिका आकाराला आली. त्याच नगरपालिकेच्या अमदानीत विसाव्या शतकात तटाचा बराचसा भाग पाडला गेला. आज दिल्ली दरवाजा, रायपूर दरवाजा, आस्टोडिया दरवाजा असे दरवाजे रस्त्याच्या मधोमध सुटे उभे आहेत आणि त्यांच्या दोन्ही अंगांनी रिक्षा वाहतात. माणेकनाथ बाबांची दंतकथा येथे प्रत्येक जण सांगतो: बाबा दिवसभर चटई विणत आणि रात्री तिचे धागे उसवत, की दिवसा बांधलेला तट रात्री कोसळे. शेवटी बादशहाने त्यांची समजूत काढली आणि माणेक चौकाला त्यांचे नाव मिळाले. बाबांचे अपुरे राहिलेले काम वाहतुकीच्या सोयीने पुरे केले, एवढेच म्हणायचे.

दगडी कोट नसला तरी कोटाची हद्द शिल्लक आहे, आणि दरवाजा ओलांडताच ती कळते. रस्ता आखडतो, दुकाने अंगावर येतात आणि पुढच्या वळणानंतर काय आहे हे दिसेनासे होते. म्हणून मुक्काम शक्यतो आतच, निदान लाल दरवाजा किंवा घीकांटा भागात करावा. मुंबईहून रात्रीच्या गुजरात मेलने निघाल्यास सकाळी वेळेवर पोहोचून आठचा वॉक गाठता येतो, कारण स्थानकापासून स्वामिनारायण मंदिर रिक्षाने काही मिनिटांच्या अंतरावर आहे. फक्त तिकिटावर अहमदाबाद लिहिले आहे, साबरमती लिहिले आहे की वटवा, हे आरक्षण करतानाच पाहावे. स्थानकाच्या पुनर्बांधणीमुळे गाड्यांच्या व्यवस्थेत बदल होत आले आहेत. सप्टेंबर २०२२ अखेर सुरू झालेल्या मेट्रोच्या पूर्व-पश्चिम मार्गावर काळुपूर, घीकांटा आणि शाहपूर ही भुयारी स्थानके जुन्या शहराच्या पोटातच आहेत, त्यामुळे नदीपलीकडे उतरणाऱ्यांचीही सोय झाली आहे. स्थानकासमोरच्या स्वस्त लॉजच्या वाटेला मात्र जाऊ नये. अशाच एका लॉजमध्ये, ज्याचे नाव सांगण्यात अर्थ नाही, खिडकी हॉर्नच्या दिशेला आणि न्हाणीघर अंधाराच्या दिशेला होते.

आता वॉकविषयी. नोंदणी आदल्या दिवशीच महापालिकेच्या संकेतस्थळावर करावी आणि वेळेच्या दहा-पंधरा मिनिटे आधी मंदिराच्या आवारात हजर राहावे. सुरुवातीला शहराच्या इतिहासाची थोडक्यात ओळख करून दिली जाते, मग मंडळी निघतात. १८२२ मध्ये बांधलेले हे मंदिर स्वामिनारायण संप्रदायाचे पहिले मंदिर. त्याच्या हवेलीचे ब्रह्मी सागवानातले कोरीव काम निवांत पाहण्यासारखे आहे. नंतर लांबेश्वरनी पोळ, म्हणजे त्या नावाचा बंदिस्त मोहल्ला, लागतो. तेथे गुजराती कवी दलपतराम यांच्या घराच्या जागी चौक केला आहे आणि त्यांचा पुतळा ओट्यावर असा बसवला आहे की शेजारी बसून गप्पा माराव्यात. पुढची वाट हाजा पटेलनी पोळ, तिथले काळा रामजी मंदिर, जैन देरासरे (मंदिरे), दोशीवाडानी पोळ, हरकुंवर शेठाणींची हवेली, फर्नांडिस पुलाखालचा पुस्तकांचा बाजार अशी वळणे घेत माणेक चौकात उतरते. काळारामाचे नाव ऐकून नाशिककर हमखास पुढे सरसावतो. येथला काळ्या पाषाणातला राम मात्र बसलेला आहे.

पोळ म्हणजे काय हे पुस्तकात वाचून समजत नाही, चालताना समजते. रस्त्यावर एक दरवाजा, त्याच्या माथ्यावर रखवालदाराची खोली, आत मुख्य गल्ली, तिला फुटलेल्या खडक्या (पोटगल्ल्या), मध्ये एखादे देऊळ, एखादी विहीर आणि पक्ष्यांना दाणे घालण्यासाठी खांबावर उभारलेला नक्षीदार चबुतरा, असा एका जातीच्या किंवा एका व्यवसायाच्या कुटुंबांचा हा बंदिस्त मोहल्ला असे. दरवाजाशी काळा फळा असतो, त्यावर पोळीतली निधनवार्ता, पाण्याची वेळ आणि सभेची सूचना खडूने लिहिलेली असते. काही पोळींना चोरवाटा आहेत. भिंतीतले दार वाटावे असे दार उघडले, की आपण दुसऱ्याच पोळीत निघतो. वॉकमधली मुले या ठिकाणी एकदम जागी होतात.

घरे लाकूड आणि वीट यांच्या मिश्र बांधणीची आहेत. विटांच्या भिंतीत ठरावीक अंतरावर आडव्या तुळया घातलेल्या असतात, त्यामुळे भूकंपात भिंत एकसंध राहण्यास मदत होते. मधल्या चौकाखाली टाके असते. पावसाचे पाणी गच्चीवरून नळाने या टाक्यात उतरवतात, पहिल्या पावसाचे मळके पाणी बाहेर काढून देतात आणि नंतरचे साठवतात. अशा टाक्याचे झाकण एका घरात उचलून दाखवले गेले, तेव्हा खालून गार हवेचा झोत आला आणि आवाज दिल्यावर तो थोड्या उशिराने परत आला. चौकाची फरशी एवढ्या पोकळीवर उभी आहे हे त्याशिवाय लक्षात आले नसते. वर्षभर पुरेल इतके पिण्याचे पाणी उन्हाच्या आणि किड्यांच्या संपर्काविना घराच्या पोटात ठेवण्याची ही युक्ती ज्यांनी शोधली, त्यांच्या नातवंडांच्या घरी आज नदीपलीकडच्या फ्लॅटमध्ये पाण्याचे जार येतात.

कुवावाळा खांचा या छोट्या चौकात आजूबाजूच्या घरांच्या दर्शनी भागांवर मराठा, मुघल आणि वसाहतकालीन अशा वेगवेगळ्या शैली शेजारी शेजारी पाहायला मिळतात. तेथे मंडळी लवकर पुढे सरकतात. आपल्याकडच्या वाड्यांची सवय असलेल्या डोळ्यांनी येथे मागे राहून खांब आणि त्यांच्या माथ्यावरचे हस्त (तुळईचे कोरीव आधार) जरा निरखावेत, मग गट गाठावा. गल्ली एवढी अरुंद आहे की फार पुढे कोणी जाऊ शकत नाही.

सेवा म्हणून या वॉकला मी चांगले गुण देईन, आणि त्याचे पहिले कारण म्हणजे वाटेची आखणी. मंदिरातून मशिदीपर्यंतच्या दीड-दोन किलोमीटरांत हिंदू, जैन आणि मुस्लिम शहर एकाच ओघात समोर येते, आणि हे सारे कोणतेही भाषण न करता होते. दुसरे कारण वेळ. सकाळी आठ ते साडेदहा हा जुन्या शहराचा एकमेव काळ आहे जेव्हा दुकानांची शटर खाली असतात आणि त्यामुळे वरच्या मजल्यांचे कोरीव काम दिसते. अकरानंतर माल, फलक आणि दुचाक्या यांच्या पलीकडे नजर जात नाही. तिसरे कारण असे, की आत राहणारी माणसे या गटांना सरावली आहेत. ओट्यावर दात घासणारे काका मान हलवून स्वागत करतात, पण दाखवण्यासाठी काही करत नाहीत. एका खाजगी मार्गदर्शकासोबत याच भागात फिरताना प्रत्येक थांब्यावर कोणत्या तरी दुकानाची ओळख करून दिली जात होती, त्या मानाने येथे खरेदीचा आग्रह अजिबात नव्हता.

मर्यादाही आहेत. अडीच तासांत वीसेक थांबे घ्यायचे म्हटल्यावर प्रत्येक ठिकाणी मिळणारी मिनिटे मोजकीच असतात. ज्याला रेखाटन करायचे आहे किंवा तिपाई लावून छायाचित्रे काढायची आहेत, त्याने ही केवळ पहिली ओळख समजावी आणि नंतर एकट्याने परत यावे. निवेदन हिंदी किंवा इंग्रजीत असते, ज्याची मराठी माणसाला अडचण वाटू नये. गल्ल्यांत फरशी उखडलेली आहे, गाईंचे शेण आहे, उंबरे उंच आहेत. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना बरोबर न्यायचे असेल तर त्यांना थेट माणेक चौकात बसवून ठेवणे बरे, आणि लहान मुलांची गाडी तर आणूच नये. बूट वारंवार काढावे लागतात, तेव्हा नाडीचे बूट नकोत. चामड्याचा पट्टा आणि पर्स जैन देरासरांत चालत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

वॉक जामा मशिदीशी संपला म्हणून तेथे पाय ठेवून लगेच निघून जाणे बरोबर नाही. १४२४ मध्ये पूर्ण झालेल्या या मशिदीत २६० खांब आहेत, त्यांची घडण मंदिरांच्या मंडपातल्या खांबांसारखी आहे आणि त्यांच्यावर पंधरा मोठे घुमट तोललेले आहेत. बाहेरच्या उन्हातून या खांबांच्या रांगेत शिरले की डोळ्यांना सरावायला थोडा वेळ लागतो. त्यानंतर वरच्या सज्जांतून झिरपणारा उजेड दिसू लागतो. दर्शनी कमानीच्या दोन्ही बाजूंचे मिनार १८१९ च्या भूकंपात गेले, त्यांचे बुंधे तेवढे उरले आहेत आणि बुंध्यांवरचे काम पाहून वरचे काय असेल याची कल्पना करावी लागते. शुक्रवारी दुपारी येथे येऊ नये. मशिदीच्या पूर्वेला अहमदशहाची कबर, म्हणजे बादशाहनो हजिरो, आणि त्यापुढे राण्यांच्या कबरींचा राणीनो हजिरो आहे, ज्याच्या भिंतींना टेकून ओढण्या, मुखवास आणि नवरात्रातल्या चणियाचोळ्यांचा बाजार भरतो. खरेदी करायची असल्यास येथेच करावी, घासाघीस अपेक्षित आहे.

दुपारी कोणी काही पाहू नये. डिसेंबर-जानेवारी सोडला तर येथले दुपारचे ऊन माणसाला नमवते, आणि मे महिन्यात तर हा बेतच करू नये. जेवून झोपावे. लाल दरवाज्याजवळ, सिदी सय्यद मशिदीसमोर, मंगलदास गिरधरदास यांच्या १९२४ च्या हवेलीत हॉटेल आहे आणि त्याच्या गच्चीवरच्या अगाशिये या उपाहारगृहातली गुजराती थाळी महाग असली तरी सावकाश जेवायला मिळते. खिशाला हलके हवे असेल तर गांधी रोडच्या आसपास फाफडा, खमण आणि कढी यांवर उत्तम निभावते. मांसाहार करणाऱ्यांनी तीन दरवाज्याजवळची भटियार गल्ली विचारावी. संध्याकाळच्या चहासाठी लकी रेस्टॉरंट आहे, जेथे टेबलांच्या मधोमध हिरव्या रंगाच्या कबरी आहेत आणि भिंतीवर मकबूल फिदा हुसेन यांनी दिलेले चित्र आहे. मस्का बन आणि चहा घेताना शेजारच्या कबरीवर रोज ताजे फूल ठेवले जाते याचे पहिल्या घोटापुरते नवल वाटते, मग वाटत नाही.

सिदी सय्यद मशिदीची वेळ सूर्यास्तापूर्वीच्या तासाची. १५७२-७३ मध्ये, म्हणजे अकबराच्या फौजा गुजरातेत उतरत होत्या त्याच सुमारास, हबशी वंशाच्या सिदी सय्यदने ती बांधली. पश्चिमेकडच्या भिंतीतल्या अर्धवर्तुळाकार दगडी जाळ्या जगप्रसिद्ध आहेत. झाडाच्या आणि खजुराच्या फांद्यांची एकमेकींत गुंतलेली ती रचना आयआयएम अहमदाबादच्या बोधचिन्हात पोहोचली आहे. सकाळी या जाळ्या आतून पाहिल्या तर मागे केवळ रस्त्याचा पांढुरका उजेड असतो. कलते ऊन पश्चिमेकडून आत येऊ लागले, की दगडाची जाडी नाहीशी होते आणि फांदीची प्रत्येक कड सुटी दिसते. मशीद अगदी लहान आहे, चौफेर वाहतूक आहे, आणि घाईत असणाऱ्याला पाच मिनिटांत संपते.

रात्री माणेक चौक. सकाळी वॉकमध्ये हाच चौक झवेरी आणि शेअर बाजाराच्या जुन्या इमारतीसह पाहिलेला असतो. दुकाने उघडण्याआधी गटारांच्या कडेची धूळ काळजीपूर्वक गोळा करणारे झारेकरीही एखादे वेळी दिसतात, त्या धुळीत सोन्याचे कण असतात. रात्री सराफांची शटर खाली आली की त्याच दगडांवर टेबले मांडली जातात. खाण्याच्या दर्जाविषयी माझे मत सर्वसाधारण मताशी जुळत नाही: चीज आणि चॉकलेट यांचा मारा केलेले सँडविच किंवा लोण्यात बुडवलेला डोसा ही पाककला नव्हे, उत्साह आहे. कुल्फी मात्र चांगली. तरीही येथे यावे, खाण्याकरता कमी आणि मध्यरात्रीपर्यंत आजीपासून तान्ह्यापर्यंत अख्खी कुटुंबे चौकात निर्धास्त बसलेली पाहण्याकरता जास्त.

दुसऱ्या दिवसाची सकाळ मराठी माणसाने स्वतःसाठी राखून ठेवावी, कारण वॉकचा मार्ग त्या बाजूला जात नाही. १७५३ मध्ये रघुनाथराव आणि दमाजी गायकवाड यांनी हे शहर घेतले. मधला थोडा काळ ते हातचे गेले, १७८० मध्ये इंग्रज सेनानी गॉडर्डने जिंकले, सालबाईच्या तहाने परत आले, आणि १८१७-१८ मध्ये इंग्रजांकडे कायमचे गेले. या काळात पेशवे आणि गायकवाड यांची येथे निम्मी-निम्मी वाटणी होती आणि पेशव्यांच्या वाट्याचा इजारा, म्हणजे वसुलीचा मक्ता, गायकवाडांकडे असे. त्या इजाऱ्याच्या नूतनीकरणासाठी आणि हिशेबासाठी बडोद्याहून पुण्याला आलेले गंगाधरशास्त्री पटवर्धन १८१५ मध्ये पंढरपुरात मारले गेले, आणि पेशवाईच्या शेवटाला गती मिळाली. शाळेत शिकलेल्या त्या खुनामागचे शहर हे.

भद्र किल्ल्याच्या पटांगणातून तीन दरवाजाकडे यावे. तेथे पाहण्यासारखी गोष्ट कमानीत नसून खांबावर आहे: मराठा सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांनी १८१२ मध्ये कोरवलेला देवनागरी लेख. वडिलार्जित मालमत्तेत मुलींना विनाअडथळा वाटा द्यावा, आणि जो मोडील त्या हिंदूला महादेवाला व मुसलमानाला अल्ला-रसुलाला जबाब द्यावा लागेल, असा त्याचा आशय आहे. फेरीवाल्यांच्या दोरीवर टांगलेले शर्ट हाताने थोडे बाजूला करावे लागतात, विक्रेते त्याला हरकत घेत नाहीत. याच दरवाज्यात लक्ष्मीदेवीच्या आठवणीचा दिवा कोनाड्यात जळत असतो आणि त्याची निगा एक मुस्लिम कुटुंब राखते, अशी परंपरा आहे. रायखडकडची गायकवाड हवेली दीर्घकाळ पोलिसांच्या ताब्यात आहे, त्यामुळे ती बाहेरून पाहण्यावर समाधान मानावे. या शहराच्या नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषवून पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झालेले दादासाहेब मावळंकर यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंग्याचे, हेही येथे आठवावे. रविवार असेल तर एलिस ब्रिजजवळ नदीकाठी गुजरी बाजार भरतो. जुनी कुलपे, पितळी भांडी, तुटके रेडिओ आणि पुस्तके यांत तास सहज जातो.

वेळ उरलाच आणि विहीर पाहायचीच असेल, तर अडालजऐवजी कोटाच्या बाहेर लगेच असारव्यातली दादा हरीरची वाव पाहावी. पंधराव्या शतकाच्या शेवटची ही पायऱ्यांची विहीर तितकीच खोल आणि बरीच शांत आहे. तिच्याच वाटेवर दिल्ली दरवाज्याबाहेर हठीसिंगांचे १८४८ चे जैन मंदिर आहे. शाहीबागेतले कॅलिको संग्रहालय आगाऊ नोंदणीशिवाय आत घेत नाही, त्यामुळे ऐन वेळी त्याचा विचार करू नये. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, दिवसांत पोळींच्या गच्च्या भाड्याने जातात, मौज मोठी असते, पण मग वॉक, हवेल्या आणि शांतता यांची अपेक्षा सोडावी. आषाढी बीजेच्या रथयात्रेला तर जुन्या शहरातले रस्तेच बंद असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला, सण नसलेला कोणताही शनिवार-रविवार उत्तम. परतीची रात्रगाडी साधारण दहा-अकराच्या सुमारास सुटते आणि त्या वेळी माणेक चौक नुकताच भरू लागलेला असतो, म्हणून तो पहिल्याच रात्री उरकावा आणि दुसऱ्या दिवशीचे जेवण लवकर घेऊन काळुपूरच्या रेल्वे स्थानकाकडे चालत निघावे. त्या तासाला त्या गर्दीत रिक्षापेक्षा पाय लवकर पोहोचवतात.